खिशातलं लिनक्स: हौस आणि हिशेब

मंडळातली कॉलेजात जाणारी मुलं भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "दादा, लिनक्सवाला फोन घ्यावा का?" कुणी यूट्यूबवर पाइनफोन पाहिलेला असतो, कुणाला स्टीम डेक हवा असतो, आणि घरच्यांना वाटतं की नवीन मोबाइल पदरात पाडून घ्यायचा हा आणखी एक बहाणा. याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे सांगायला हवं की तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला तो गाभा, म्हणजे कर्नल. आजीच्या जिओफोनमधली कायओएसही त्याच गाभ्यावर उभी आहे. पण या दोन्हींत घर आपलं आणि किल्ली दुसऱ्याकडे, असा प्रकार असतो. नको असलेलं अॅप काढता येत नाही, आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलं की चांगला चालता फोन म्हातारा ठरतो. 'लिनक्सवाला फोन' म्हणून मुलं जे मागतात, त्यात किल्लीही आपल्याच हातात असते. आकर्षण आहे ते याचंच, आणि मला विचाराल तर ते खोटं नाही.

ही किल्ली लोकांच्या हातात द्यायचा एक मोठा प्रयत्न आपल्याच देशात झाला होता, आणि तो आजच्या मुलांना फारसा ठाऊक नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, व्ही. विनय आणि रमेश हरिहरन, आणि त्यांच्या जोडीला एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी, अशा सात जणांनी १९९९ मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. साधा, स्वस्त, अनेक भाषा जाणणारा, लोकांचा संगणक, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून हे नाव तयार झालं. २००१ मध्ये त्यांनी यंत्र जगापुढे ठेवलं. तळहातावर मावणारं, पडद्यावर छोट्या काडीने टेकवत चालवायचं, आणि आत लिनक्स.

लिनक्स का, याचं कारण अगदी व्यवहारी होतं. बंदिस्त प्रणाली घेतली तर प्रत्येक यंत्रामागे परवान्याचे पैसे मोजा, आणि कन्नड किंवा हिंदीसाठी आत काही बदलायचं तर पुन्हा त्या कंपनीच्या दारात उभे राहा. लिनक्समध्ये दोन्ही कटकटी नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी यंत्राने मजकूर भारतीय भाषांतून मोठ्याने वाचून दाखवायचा, अशी योजना होती. मला सर्वांत आवडते ती त्यातली स्मार्टकार्डाची कल्पना. एका घराला यंत्र परवडणार नाही, तर गावात एक ठेवा आणि ज्याने त्याने आपलं कार्ड घालून आपली माहिती उघडावी. काम झालं की कार्ड खिशात, यंत्र पुढच्या माणसाकडे. आज घरात चार माणसं आणि सहा मोबाइल असताना हे ऐकायला गंमत वाटते, पण तेव्हाच्या खेड्यांचा हिशेब त्यांनी नीट मांडला होता.

२००४ च्या मार्चमध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला 'अमिडा' सिम्प्युटर बाजारात आला. तो हातात हलवला की पडद्यावरचं पान उलटायचं, कारण आत हालचाल ओळखणारा सेन्सर होता. पहिला आयफोन यायला अजून तीन वर्षं होती! किंमत मात्र दहा-बारा हजारांपासून पुढे. इकडे २००३ मध्येच रिलायन्सने सुरुवातीला फक्त ५०१ रुपये भरून मोबाइल देऊ केला होता, आणि त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० आला होता. लोकांना आधी बोलायचं होतं. मुलगा नागपूरला, मुलगी भिलाईला, त्यांच्याशी बोलायचं होतं. सिम्प्युटर मुळात फोन नव्हता. त्याची विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही.

तो चालला कुठे, हे पाहण्यासारखं आहे. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसाठी. गोव्यात डेम्पो कंपनीने खाणीच्या तोंडापासून जहाजापर्यंत लोहखनिज कुठवर पोचलं याचा माग ठेवायला तो वापरला. (भरवेलीचं मँगनीज आणि मलाजखंडचं तांबं पाहत वाढलेल्या आपल्याला हे काम किती किचकट असतं ते वेगळं सांगायला नको.) मुंबईत महिंद्राने गाडीच्या इंजिनातला बिघाड शोधायला वापरला, आणि आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये शिक्षणासाठी त्याचा एक प्रकल्प झाला. एन्कोरने पुढे 'साथी' नावाचं यंत्र संरक्षण दलासाठी बनवलं. या सगळ्या ठिकाणी काम ठरलेलं होतं आणि यंत्र बिघडलं तर बघणारं माणूस पगारावर होतं. आजही तिकीट देणाऱ्या, बिल फाडणाऱ्या कितीतरी हातयंत्रांच्या आत लिनक्सच निमूट काम करतं. घरात मात्र तो पगारी माणूस नसतो. घरात ते काम तुम्हालाच करावं लागतं, आणि फोन घेण्याआधी विचार करायचा तो याच गोष्टीचा.

आता पाइनफोनकडे येऊ. हा २०२० पासून लोकांच्या हाती येऊ लागला, तेव्हा किंमत दीडशे डॉलर. मागचं झाकण नखाने उघडतं, आणि आत छोटी बटणं आहेत: कशाने माइक बंद, कशाने कॅमेरे, कशाने मोबाइल नेटवर्क. बंद म्हणजे यंत्राच्या पातळीवरच बंद, पडद्यावरचं नुसतं चिन्ह नाही. मेमरी कार्डावर दुसरी प्रणाली टाकून त्यावरून फोन सुरू करता येतो, आवडली नाही तर कार्ड काढा, मूळचं जागच्या जागी. बॅटरी सॅमसंगच्या जुन्या जे७ ची चालते, म्हणजे ती आपल्याकडेही शोधली तर मिळू शकते. इंजिनिअरिंगच्या मुलाला हे सगळं म्हणजे उघडी पडलेली मिठाईची पेटी.

तोटे मात्र रोजचे आहेत. कॅमेरा सुमार. बॅटरी वाचवायला फोन झोपवला तर कॉल आल्यावर जागा व्हायला वेळ घेतो, तोवर मामाने फोन ठेवलेला असतो. पडदा फुटला तर बालाघाटात नाहीच, गोंदिया-नागपूरलाही सुटा भाग मिळायची आशा धरू नका. तो परदेशातून मागवायचा, कस्टम भरायचं आणि वाट पाहायची.

सर्वांत मोठी अडचण पैशांची, म्हणजे यूपीआयची. यूपीआय अॅप सुरू करताना ते तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवून हा नंबर याच फोनमध्ये आहे, अशी गाठ बांधतं. शिवाय फोनच्या प्रणालीत कुणी हात घातलाय का, तेही तपासतं. ही अॅप मुख्यतः अँड्रॉइड आणि आयफोनसाठी बनतात. लिनक्सवर वेड्रॉइड नावाच्या सोयीने अँड्रॉइडची बरीच अॅप चालतात, पण बँकांची अॅप तिथे पुष्कळदा पाय ठेवू देत नाहीत. यात बँकेचा दोष काढणं मला पटत नाही. आईबाबांच्या खात्याला भोक पडू नये म्हणूनच ती तपासणी आहे. पण परिणाम असा की भाजीवाल्यापुढे तुमचा स्वतंत्र, बाणेदार फोन काही कामाचा नाही. म्हणून एकुलता एक फोन म्हणून हा घेऊ नका, असंच मी सांगतो.

स्टीम डेकचं थोडक्यात. तो २०२२ मध्ये आला, आत लिनक्सच, आणि विंडोजसाठी लिहिलेले बरेच खेळ त्यावर चालतात. व्हॅलोरंट चालत नाही, हे घरी हट्ट धरण्याआधी लक्षात घ्या. त्याला कळफलक आणि मॉनिटर जोडला तर पूर्ण संगणक होतो, हा मुद्दा बाबांना पटू शकेल. पावणेसातशे ग्रॅमचं धूड खिशात मात्र मावत नाही.

आपल्यासाठी एक खास गोष्ट आहे ती मराठीची. बालाघाटात चारी बाजूंनी हिंदी. पाट्या हिंदी, फोनमधली देवनागरीही हिंदी वळणाची. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि 'दऱ्या'मधला तो पापणीसारखा अर्धा र हिंदीला लागतच नाही. माझ्या आईला छापलेला हिंदी 'ल' आजही खटकतो. खुल्या प्रणालीत मराठी वळणाचा फॉन्ट टाकून तो सगळ्या पडद्यांवर लावता येतो, कुणाची परवानगी लागत नाही. मेनूत चुकीचं मराठी दिसलं तर ते सुधारून पाठवताही येतं, कारण ही भाषांतरं बहुतेक स्वयंसेवकच करतात. मराठी माध्यमात न शिकलेल्या मुलांनी हे जरूर करून बघावं. एकेक शब्द शोधताना आजीला विचारावं लागेल, ते चांगलंच.

एवढं वाचून हौस टिकली असेल तर पैसे खर्च करण्याआधी कपाट उघडा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएस या प्रकल्पाचा उद्देशच फोनला दहा वर्षांचं आयुष्य मिळावं हा आहे, आणि उबुंटू टच ही प्रणाली रेडमी नोट ७ सारख्या आपल्याकडे घरोघरी असलेल्या फोनवर चालते. फोनचा नेमका मॉडेल क्रमांक त्यांच्या यादीत आहे का, ते आधी पाहा. एखाद्या अक्षराचा फरकही चालत नाही. बूटलोडर उघडायला कंपनीकडून मंजुरी घ्यावी लागते आणि त्यात काही दिवस जाऊ शकतात. आणि तो उघडला की फोनमधलं सगळं पुसलं जातं, तेव्हा ताईच्या लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे काढून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत कुणाला बसायचं असेल तर जुना फोन, डेटा केबल आणि लॅपटॉप घेऊन मंडळात या. चहा मंडळाचा.