नवा रिमोट कधी घ्यावा?

सोयाबीन निघाले की कुंभार पिंपळगावच्या शिवारात मोकळी राने दिसू लागतात. शेजारच्या रानातला ऊस मात्र डोक्याच्या वर गेलेला असतो. थर्माकोलचे विमान उडवू पाहणाऱ्या शाळकरी मुलाला असे मोकळे रान म्हणजे आयते मैदान. पण विमान उसाआड खाली जाते, क्षणभर हाताला दाद देत नाही आणि कोसळते. मग घरी मागणी सुरू होते, ‘आता मोठा रिमोट घेऊन द्या!’

पैसे काढण्याआधी विमान का पडले, ते पाहायला हवे. आजचे बहुतेक रिमोट २.४ गीगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. ती बहुतांशी सरळ रेषेत जाते आणि पानांतले पाणी तिला शोषून घेते. त्यामुळे दाट उसाआड महागड्या रिमोटचा संदेशही क्षीण होतो. दुसरी गोष्ट अँटेनाची. तिच्या टोकाच्या दिशेने लहर सर्वांत कमी जाते. टोक विमानाकडे रोखून धरणे म्हणजे आपणच संपर्क कमजोर करणे. बॅटरी उतरली होती का, रिसीव्हरची तार सैल होती का, हेही तपासावे. यातले काही सापडले, तर दोष रिमोटचा नाही.

मग बदलायचा कधी? पहिले कारण, रिमोट जुना, क्रिस्टलवर चालणारा असेल तर. त्यात एकाच वाहिनीवर दोघांनी रिमोट सुरू केले, की एकाच्या हातातले विमान दुसऱ्याच्या संदेशाने भरकटते. नव्या प्रकारात रिमोट आणि रिसीव्हर यांची जोडी जुळवलेली असते, त्यामुळे रिसीव्हर आपल्याच रिमोटचे ऐकतो.

दुसरे कारण ‘फेलसेफ’. संपर्क तुटला की मोटर आपोआप थांबली पाहिजे. पंखा काढून ठेवा, विमान घट्ट धरा, मोटर हळू चालवून रिमोट बंद करा. मोटर फिरतच राहिली, तर आधी रिसीव्हरची सेटिंग तपासा. ती सोयच नसेल, तर मात्र संच बदलाच. फिरणारा पंखा बोट कापू शकतो आणि भरकटलेले विमान रानात काम करणाऱ्या माणसावर जाऊ शकते.

तिसरे कारण झीज. दांडी स्थिर असतानाही शेपटीची पट्टी थरथरत असेल, तर दांडीखालचा फिरता रोधक झिजलेला असू शकतो. दुसऱ्या रिमोटवर तीच थरथर थांबली, तर निदान पक्के. चौथे कारण गरजेचे. दोन-तीन विमाने झाली, की प्रत्येकाची सेटिंग लक्षात ठेवणारा रिमोट सोयीचा पडतो. साध्या विमानाला चार वाहिन्या पुरतात. फ्लॅप किंवा आत ओढली जाणारी चाके आली, की सहा लागतात. सोळा वाहिन्यांनी नवशिक्याचे विमान अधिक सरळ उडत नाही.

खर्च मोजताना रिसीव्हर विसरू नका. एका कंपनीचा रिसीव्हर दुसऱ्या कंपनीच्या रिमोटशी बहुधा जुळत नाही. घरात तीन विमाने असतील, तर तीन रिसीव्हर धरूनच हिशेब करावा. नव्या रिमोटच्या दांड्यांची मांडणीही जुन्यासारखीच हवी. सवयीच्या हालचाली मेंदू न विचारता करून घेतो. मोटरची दांडी डावीकडून उजवीकडे गेली, तर संकटात हात जुन्याच बाजूला जातो.

विमान आपल्याकडे तोंड करून येते, तेव्हा डावे-उजवे उलटे भासते. त्यावर रिमोट बदलणे हा उपाय नाही. संगणकावरच्या सिम्युलेटरचा सराव स्वस्त पडतो.

‘लांब पल्ल्याचा’ म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचा परदेशी संच घेण्याचा मोह टाळावा. भारतात तो पट्टा परवानामुक्त नाही. २.४ गीगाहर्ट्झ मात्र २००५पासून ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार हौशी मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायचे असते. म्हणजे उसापलीकडे जाणारा पल्ला विकत घेऊनही उपयोग नाही.

तेव्हा आधी उसापासून दूरचे रान निवडा, फेलसेफ तपासा, बॅटरी भरा. एवढे करूनही विमान ऐकत नसेल, तर मुलाची मागणी रास्त समजावी.