प्रवाळांचं पाणी – ९ : समुद्र दाराशी असताना
नायट्रेट-फॉस्फेटवर लिहिण्याचा वायदा एक आठवडा पुढे ढकलतो. जेद्दाहून आलेल्या एका प्रश्नात त्याहून मूळचा गुंता आहे. तांबडा समुद्र दाराशी असताना घरातल्या प्रवाळांच्या टाकीसाठी पिशवीतलं मीठ आरओच्या पाण्यात कालवायचं कशाला? समुद्राचंच पाणी आणावं, ते जास्त खारट म्हणून थोडं आरओचं घालून हजारी ३५ वर आणावं, झालं काम. खरंच, खारटपणा बरोबर येतो आणि कॅल्शियमही लिटरला ४१० मिलिग्रॅमच्या आसपास दिसतं. घोटाळा होतो तो अल्कलिनिटीत, म्हणजे चुना बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटच्या साठ्यात.

तांबड्या समुद्राला एकही बारमाही नदी मिळत नाही आणि वर्षाला सुमारे दोन मीटर पाण्याची वाफ होते. बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून आत येणारं पाणी हजारी ३७ च्या जवळपास असतं. उत्तरेकडे सरकताना ते बासुंदीसारखं आटत जातं, जेद्दापाशी ३९ होतं आणि अकाबाच्या आखाताकडे चाळिशी ओलांडतं. नुसतंच आटलं असतं तर सगळेच क्षार एका प्रमाणात वाढले असते. महासागरात अल्कलिनिटी साधारण ६.४ डीकेएच (हे तिचं एकक), म्हणजे जेद्दापाशी ती सातच्या वर हवी. भरते मात्र पावणेसातच्या आसपास. मधली तूट प्रवाळांनी आणि चुन्याची कवचं बांधणाऱ्या तरंगत्या जिवांनी वाटेत फस्त केलेली असते. कॅल्शियमही त्यांनी घेतलेलं असतं, पण ते मापात सापडत नाही, कारण चुना बांधताना २.८ डीकेएचमागे कॅल्शियम जातं अवघं २० मिलिग्रॅम. साडेचारशेतले वीस टेस्ट किटच्या चुकीतच लपतात, सातातले २.८ म्हणजे चाळीस टक्के झाले. म्हणून माझा आग्रह असा, की कॅल्शियमच्या आकड्यावर समाधान मानू नये. पावणेसातचं पाणी ३५ वर आणलं की अल्कलिनिटी सहावर येते, आणि कॅल्शियमचा आकडा तरीही सगळं आलबेल असल्याचं सांगत राहतो.

यावर कोणी म्हणेल, त्याच पाण्यात समुद्रातले प्रवाळ मजेत वाढतात ना? वाढतात, कारण त्यांच्यावरून अखंड नवं पाणी वाहतं. दोनशे लिटरच्या टाकीत कडक प्रवाळ भरपूर असतील तर रोज अर्धा डीकेएच सहज संपतो, आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलून तुटीचा जेमतेम दहावा हिस्सा भरतो. तोही बदलीचं पाणी टाकीपेक्षा सकस असेल तरच. मग पातळ न करता ३९ वरच टाकी ठेवली तर? तांबड्या समुद्रातलेच जीव असतील तर हरकत नाही. इंडोनेशिया किंवा ऑस्ट्रेलियाहून आलेले प्रवाळ मात्र ३४-३५ च्या पाण्यातले असतात. त्यांना सवय लावायलाही वेळ हवा, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा सोडा स्वस्त.

हा सोडा म्हणजे साधा खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्लही असतं. शंभर लिटरला तीन ग्रॅम घातला की अल्कलिनिटी सुमारे एक डीकेएच वाढते. दोनशे लिटरची टाकी सहावरून आठवर न्यायला बारा ग्रॅम लागतील, पण ते आरओच्या पाण्यात विरघळवून तीन-चार दिवसांत विभागून, पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडायचे. रोजची वाफ भरून काढायला मात्र आरओचंच पाणी वापरायचं, समुद्राचं नाही. वाफ होताना मीठ टाकीतच राहिलेलं असतं.