मोटार लावलेल्या सायकलीचा मागचा डिस्क ब्रेक

सोलापुरातील यंत्रमाग कामगाराच्या जुन्या, लोखंडी रिमच्या सायकलीला हब मोटार, म्हणजे चाकाच्या मध्यातच सामावलेली विद्युत मोटार, बसवली की पहिला प्रश्न ब्रेकचा उभा राहतो. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ताशी १५ ऐवजी २५ किलोमीटरने धावणारी सायकल थांबवताना जवळपास पावणेतीनपट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. पावसात ओल्या लोखंडी रिमवर रबरी गुटके घसरतात, तर हबला जोडलेल्या पोलादी चकतीवर, म्हणजे डिस्कवर, पॅडची पकड बऱ्यापैकी टिकते.

डिस्क बहुधा सहा स्क्रूंनी हबच्या डाव्या बाजूस बसते. खरी अडचण कॅलिपरची, म्हणजे पॅड दाबणाऱ्या जबड्याची आहे: ब्रेक लागताच चाक त्याला आपल्याबरोबर फिरवू पाहते आणि हा जोर जुन्या फ्रेमच्या पातळ नळीने पेलावा, अशी तिची घडणच नसते. नुसत्या क्लॅम्पने आवळलेली पट्टी त्यामुळे भरवशाची मानता येत नाही. कुशल वेल्डरकडून बसवलेला जाड आधार किंवा मुळातच डिस्कसाठी घडवलेली फ्रेम बरी. हब मोटारीऐवजी पेट्रोल इंजिनाचा संच बसवला, तर त्याचे दातेरी चक्रही सहसा डावीकडेच येते, म्हणून तेथे दोहोंसाठी जागा करणारे खास हब लागते.

थांबताना भार पुढच्या चाकावर सरकत असल्याने (हे अनेकदा विसरले जाते) मागची डिस्क पुढच्या ब्रेकची जागा घेऊ शकत नाही. चेनचे तेल डिस्कवर उडू देणेही टाळावे लागते.