एका मैलाची किंमत

उद्योगधंद्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणायची, तर ती नेमकी कोणत्या कामाला जुंपायची हे आधी ठरवावे लागते. ‘सगळे करताहेत, आपणही एआय आणू’ हे उद्दिष्ट नव्हे. त्यातून फार तर संचालकांपुढे दाखवायचे सादरीकरण निघते. आज अमुक कामावर किती खर्च होतो, तो किती खाली आणायचा आणि यंत्राचा अंदाज चुकला तर भुर्दंड कोणी भरायचा, हा हिशेब मांडला की उद्दिष्टाला आकार येतो.

अमेरिकेतील यूपीएस या पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीने तो मैलांत मांडला. देशभरातील तिच्या प्रत्येक ड्रायव्हरने रोज एक मैल कमी गाडी चालवली, तर वर्षाला 5 कोटी डॉलरपर्यंत बचत होते, असे कंपनीचे गणित. त्यासाठी तिने ‘ओरायन’ ही मार्ग आखून देणारी संगणकप्रणाली उभी केली. एका गाडीला दिवसभरात 120 ठिकाणी थांबायचे असेल, तर थांब्यांचे क्रम जितक्या प्रकारे लावता येतात, ती संख्या 199 आकडी भरते. सगळे क्रम तपासून पाहणे कोणत्याच संगणकाला जमणारे नाही. म्हणून पुरेसा चांगला मार्ग झटपट हुडकणारी रीत वापरली जाते. (काटेकोर बोलायचे तर हे ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे गणिताने चांगला पर्याय शोधण्याचे शास्त्र; हल्लीची गप्पा मारणारी एआय नव्हे. इंधनाच्या बिलाला मात्र त्याने काही फरक पडत नाही.)

खरे घोडे पेंड खात होते ते गणिताबाहेर. सुरुवातीला सुचवलेले मार्ग कागदावर आखूड होते, पण रस्त्यावर चालण्याजोगे नव्हते. बाजारात मिळणाऱ्या नकाशांत माल नेमका कोणत्या दाराशी उतरवायचा, कोणता खासगी रस्ता वापरता येतो, असले बारकावे नसत. अमक्या गिऱ्हाइकाला रोज ठरल्या वेळेलाच पार्सल हवे असते, ही गोष्ट तर कोणत्याच नकाशात सापडायची नाही. ड्रायव्हरांच्या डोक्यातले हे शहाणपण नियमांच्या रूपाने प्रणालीत उतरवावे लागले. एकूण तयारीत सुमारे दहा वर्षे गेली. 2016 पर्यंत अमेरिकेतील जवळपास 55,000 मार्गांवर ओरायन लागू झाली. कंपनीच्या सांगण्यानुसार तिच्यामुळे वर्षाला 10 कोटी मैलांची धाव आणि 1 कोटी गॅलन इंधन वाचते.

झिलो या अमेरिकी कंपनीची गोष्ट उलटी आहे. घरांच्या किमतीचा अंदाज सांगणारी तिची ‘झेस्टिमेट’ सेवा 2006 पासून लोकप्रिय होती. आपल्या घराला साधारण काय भाव येईल, एवढेच ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याचे थोड्याफार चुकीने काही बिघडत नाही. 2018 मध्ये कंपनी संगणकीय अंदाजांच्या आधारे स्वतःच घरे विकत घेऊन विकू लागली आणि 2021 मध्ये तर काही घरांसाठी झेस्टिमेटचा आकडा हीच पहिली बोली ठरली. इथे प्रत्येक चूक कंपनीच्याच खिशातून जाणार होती. शिवाय चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडत नाहीत: बोली कमी लागली तर मालक घर विकत नाही, जास्त लागली तर लगेच विकून मोकळा होतो. नोव्हेंबर 2021 मध्ये कंपनीने हा व्यवसाय गुंडाळला, घरांच्या साठ्यापोटी 30 कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसला आणि सुमारे चौथाई कर्मचारी कमी केले. अंदाज बांधण्याचे तंत्र एका कामासाठी पुरेसे होते. दुसऱ्या कामाला लागणारी अचूकता त्यात आहे का, हे पुरते पारखले गेले नव्हते.

जबाबदारीचा मुद्दाही आधीच ठरवावा लागतो. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आप्ताच्या निधनानिमित्त मिळणाऱ्या भाडेसवलतीची चुकीची माहिती एका प्रवाशाला दिली. वाद ब्रिटिश कोलंबियातील लवादापुढे गेला, तेव्हा चॅटबॉटच्या बोलण्याला तोच जबाबदार आहे, अशा थाटाची बाजू कंपनीने मांडली. फेब्रुवारी 2024 मध्ये लवादाने ती फेटाळली. संकेतस्थळावरची प्रत्येक माहिती, मग ती साध्या पानावर असो की चॅटबॉटच्या तोंडी, कंपनीचीच असे ठरवून प्रवाशाला भरपाई देण्याचा आदेश दिला.