बिनशाळेचा गवंडी

कागलच्या जुन्या गल्ल्यांत अजून काही घरं तग धरून आहेत. दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, तुळया आणि वर मंगळुरी कौलं. हे कौल आपण अस्सल देशी समजतो. पण १८६५ साली मंगळुरात ते पाडायला सुरुवात केली स्वित्झर्लंडच्या बासल मिशननं. परदेशी बांधकाम आपल्या डोक्यावर तेव्हाच आलं. ते चढवायला मात्र कुणी शाळेत गेलं नाही. सुतार शिकला बापाच्या हाताखाली.

१९५० साली सरकारनं कारागीर प्रशिक्षण योजना आणली, पुढं आयटीआय निघाल्या. गवंडी, सुतार, नळ कारागीर हे व्यवसायही त्यांत होते. पण कोल्हापूरच्या फौंड्र्यांनी आणि नंतर कागल-हातकणंगले एमआयडीसीनं पोरं ओढली ती जोडारी, कातारी, संधाता यांकडं. गवंडीकाम कामावरच राहिलं. आधी बिगारी म्हणून घमेलं उचलायचं, मग हातात थापी, मग ओळंबा.

दरम्यान घरच बदललं. मातीची भिंत छप्पर पेलायची. स्लॅबच्या घरात भार कॉलमवर गेला आणि नऊ इंची भिंत नुसती आडोशाला उरली. हा एवढा मोठा फेरफार गवंड्यानं बघून बघून उचलला. हात बसला, कारण कळलं नाही. कॉलमच्या रिंगांची टोकं आत का वळवायची, हे १९६७च्या कोयनेच्या भूकंपानंतरही गावोगाव पोचलं नाही. गवंड्यांना शिकवायची खरी निकड पटली ती १९९३ला, किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेल्यावर.

२०२४ साली महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याला दहा हजार कुशल माणसं पुरवण्याचा करार केला. आपल्या आयटीआयत गवंडी वर्षात तयार होतो. तिकडं तीन वर्षं लागतात, काही दिवस साइटवर, काही शाळेत. पहिलं वर्ष तर बांधकामातल्या साऱ्या धंद्यांचं एकत्र. गंमत म्हणजे तिथल्या अनेक घरांत भार भिंतच पेलते, कागलच्या जुन्या घरासारखी. थंडी अडवायला ती फूटभराहून रुंद, पोकळ भाजक्या विटांची. सांधा जेमतेम मिलिमीटरभर. आपल्याकडं वाकडा थर मसाल्यात सावरतो, उरलेलं गिलावा झाकतो. तिथं पहिलाच थर पातळीत नसला तर वरची सगळी भिंत चुकते.

जर्मनीच्या ओढीनं गवंड्यांचे वर्ग भरले तर भरोत. शिकलेल्यांतले निम्मे इथंच राहिले तर आणखी बरं. कागलच्या कॉलमच्या रिंगा तरी नीट वळतील.