कॅल्पर्निआच्या दोन बोली : 'टु किल अ मॉकिंगबर्ड'चे रूपांतर

हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली व रॉबर्ट मलिगन दिग्दर्शित चित्रपट १९६२ साली आला. पटकथाकार हॉर्टन फूट आणि ॲटिकस फिंच या वकिलाची भूमिका करणारे ग्रेगरी पेक या दोघांनाही ऑस्कर पारितोषिक मिळाले. कथानक उभयत्र एकच. अलाबामातील मेकोम या कल्पित गावी, मंदीच्या काळात, टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा खोटा आरोप येतो. ॲटिकसने तो निराधार ठरविल्यावरही पंचमंडळ टॉमला दोषी ठरविते.

रूपांतरात काय गळले याची यादी करणे सोपे व बहुधा निष्फळ असते. येथे मात्र एका गाळलेल्या प्रसंगाकडे लक्ष द्यावयास हवे. कादंबरीच्या बाराव्या प्रकरणात फिंचांच्या घरी काम करणारी कॅल्पर्निआ मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. मुक्त झालेल्या गुलामांच्या पहिल्या कमाईतून घेतलेली ही वास्तू. गोरी मुले येथे कशाला, असे ल्यूला नावाची स्त्री तिला खडसावते. वाचता येणारी माणसे अगदी मोजकी. म्हणून कॅल्पर्निआचा मुलगा झीबो स्तोत्राची एकेक ओळ सांगतो व उपासक ती मागाहून गातात. टॉमच्या पत्नीसाठी दहा डॉलर जमेपर्यंत रेव्हरंड साइक्स दारे बंद ठेवतात. आणि फिंचांच्या घरी शुद्ध बोलणारी कॅल्पर्निआ येथे वेगळ्याच बोलीत बोलते, हे छोट्या स्काउटच्या कानांना जाणवते. आपल्या माणसांत घरची गोऱ्यांची भाषा बोलणे म्हणजे मिरविणे होय, असा कॅल्पर्निआच्या उत्तराचा आशय आहे. भाषेची निवड ही सामाजिक स्थानाची निवड असते, हे तिला कोणी शिकविलेले नाही.

चित्रपटात हे चर्च नाही. परिणामी कृष्णवर्णीय समाज प्रामुख्याने न्यायालयाच्या सज्जात दिसतो, आणि तोही जवळजवळ मूक. निकालानंतर ॲटिकस खालून जात असता सारा सज्जा उठून उभा राहतो. प्रसंग कादंबरीतलाच, पण पडद्यावर तो अधिक परिणामकारक झाला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि जे उभे राहतात त्यांच्यात ल्यूलासारखी रुष्ट स्त्रीही असू शकेल, ही शंका प्रेक्षकाला येण्याचे कारण उरत नाही. सरकारी वकिलाच्या टॉमशी बोलण्याच्या तुच्छ रीतीने डिलला कोसळणारे रडूही गळले आहे. तो अपमान आता प्रेक्षकाने आपल्याच कानांनी टिपावयाचा.

अर्थात कादंबरीही गोऱ्या मुलीच्या कानांनीच ऐकते. चर्चचे दार मागे बंद झाले की तेथील लोक आपसांत काय बोलत असतील, ते तिलाही ठाऊक नाही.

टॉमच्या मृत्यूची वार्ता येते तेथे हा फरक सर्वांत तीव्र होतो. चित्रपटात पहारेकऱ्याने जखमी करण्यासाठी झाडलेली गोळी चुकून जिव्हारी लागते, असे सांगितले जाते. कादंबरीत टॉमच्या देहावर गोळ्यांच्या १७ जखमा आहेत. कादंबरीतला ॲटिकस ही वार्ता टॉमच्या पत्नीस सांगावयास निघतो तेव्हा कॅल्पर्निआला बरोबर येण्याची विनंती करतो. चित्रपटात मोटारीत त्याच्याबरोबर असतो तो त्याचा मुलगा जेम.