गाडी उंच करायची, पण किती?
केज तालुक्यातल्या नांदूरघाटहून बालाघाटाच्या कच्च्या वाटांवर घरच्यांना फिरवायचं, तर जुनी बोलेरो परवडते: चासी भक्कम, मागे पाटे, दुरुस्ती कुठेही. पाटा वाढवला की बॉडी उंच होते; पण मागचा डिफरन्शियल होता तिथंच राहतो, आणि दगडाला आधी टेकतो तोच! त्याला वर उचलतो फक्त मोठा टायर. म्हणून पैसे आधी कंपनीला मान्य मापाच्या, खोल खाचांच्या टायरवर घालावेत. काळ्या चिखलात गुळगुळीत टायर जागीच फिरतो. फार उंच गाडी कलंडायची भीती, ब्रेकचा पाइपही ताणला जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बजावलंय. विम्याचा दावाही अडू शकतो.